दुसऱ्या डिस्कवरची नवरी

१

मी मेलेल्या माणसांचे डोळे उघडते. ऐकायला कसंसंच वाटतं, पण आमच्या धंद्यात हे काम भाजी निवडण्याइतकं रोजचं आहे. कितीतरी माणसांचा उभ्या जन्मात एकही धड फोटो निघत नाही. माणूस गेलं की घरच्यांना आठवण होते, मग फोटोग्राफरला बोलावतात, प्रेताला भिंतीशी टेकवून बसवतात, आणि तो मिटल्या डोळ्यांचा फोटो आमच्याकडे येतो. तेवढं डोळं उघडून द्या, म्हणतात. मी त्याच्या भावाचा नाहीतर मुलाचा फोटो मागवते, त्यातले डोळे उचलते आणि इथे बसवते. रक्ताच्या नात्यातले डोळे चांगले बसतात. वर कोट चढवते, हवा असेल तर फेटाही बांधते. फ्रेम भिंतीवर लागली की लोक म्हणतात, अगदी आत्ता बोलेल बघा.

हे सगळं सांगलीत, विश्रामबागेतल्या 'मयूर फोटो'मध्ये चालायचं. मालक आप्पासो. माणूस मनाने चांगला, पण कॉम्प्युटरला वचकून असायचा. रोज सकाळी त्याला उदबत्ती ओवाळायचे आणि मगच मला बटण दाबू द्यायचे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. असं काम करणारे आमच्या भागात फारसे नव्हते, म्हणून साताऱ्याचे, वाईचे स्टुडिओवालेसुद्धा एस.टी.तून पाकिटं पाठवायचे.

त्या उन्हाळ्यात मशीनला व्हायरस लागला. मिरजेहून नाथाजीला बोलावलं. तो कॉम्प्युटर दुरुस्त करत हिंडायचा आणि काम करताना सतत शेंगदाणे खायचा. मशीनमध्ये दोन हार्डडिस्क होत्या. पहिलीवर विंडोज, दुसरीवर आमचे सगळे फोटो. पहिलीला सी म्हणायचं, दुसरीला डी. नाथाजीने पहिली साफ पुसली, विंडोज नव्याने टाकलं आणि टरफलं झटकत म्हणाला, "झालं बघा दीपाताई. नवं कोरं."

मी उघडून बघितलं. सी होता. डी होता, पण त्या डीवर टिचकी मारली तर सीडीचा खण बाहेर आला. दुसरी डिस्क कुठेच नव्हती. तिचं अक्षर सीडीने घेतलं होतं. एक गेली की तिच्या जागेवर दुसरं कुणीतरी बसवायचं आणि पुढे चालू लागायचं, हा प्रकार मला चांगला माहीत होता. त्यामुळे माझं डोकं तिथेच फिरलं.

"माझे फोटो कुठायत, नाथाजी?"

"दुसऱ्या डिस्कला म्या हात बी लावला न्हाई, ताई. शपथ."

२

दुसऱ्या डिस्कवर हजारो चेहरे होते. एक सोडला तर बाकीचे सगळे गेले असते तरी मी जेवले असते.

तो एक चेहरा मायाचा. माया माझी धाकटी बहीण. तिला साताऱ्याला दिली होती, कुणाल नावाच्या माणसाला. लग्न सांगलीत झालं, फोटो आमच्याच स्टुडिओने काढले. तेव्हा मी स्कॅनर नुकता शिकत होते, म्हणून हात बसावा यासाठी एक फोटो मशीनमध्ये घेतला: आमच्या बौद्ध रीतीची पांढरी साडी नेसलेली, गळ्यात हार घातलेली, एकटी माया. नजर खाली. लग्नभर ती खालीच बघत होती. अल्बम आणि निगेटिव्ह सासरच्यांनी नेले.

दुसरं वर्ष सरायच्या आत माया जळाली. स्टोव्ह भडकला म्हणे. घरात गॅस होता, तरी स्टोव्ह भडकला. कुणाल शेजारच्या खोलीत होता. पोलिसांनी विचारलं तेव्हा तो कोरड्या डोळ्यांनी म्हणाला, "मी काही बघितलं नाही." त्याची आई बायडाबाई पदर सावरत म्हणाली, माझ्या पोरानं कायबी बघितलं न्हाई. अपघात म्हणून कागद झाला. आमच्या वडिलांनी, आबांनी, साताऱ्याच्या चकरा मारमारून चपला झिजवल्या आणि एक दिवस जायचं थांबवलं. आम्ही अल्बम मागितला तर निरोप आला, फोटोही जळाले. त्या माणसांना मी तेव्हापासून जो तळतळाट देत आले आहे तो कधी थांबवलेला नाही. थांबवणारही नाही.

आईने वर्षभर घरात फोटो लावू दिला नाही. म्हणायची, "फोटू लावला की ती गेली असं व्हईल." आता वर्ष भरत आलं होतं. पुण्यानुमोदनाचा, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने वंदना घेण्याचा, दिवस ठरला, आणि आई आपण होऊन म्हणाली, "लाव आता. पण खाली बघणारी नगं मला. जल्मभर खालीच बघत ऱ्हायली. डोळं उघड तिचं."

"माझे बसवते," मी म्हटलं. माझे तिला बरोबर बसले असते.

आणि आता डिस्कच नव्हती. नाथाजीने मशीन उघडलं, डिस्क जोडणारी वायरची पट्टी काढून दुसरी लावली, डिस्कच्या पाठीवरचा इवलासा प्लास्टिकचा तुकडा इकडचा तिकडे केला. चालू करताना काळ्या पडद्यावर जोडलेल्या डिस्कची नावं येतात, तिथेही एकच नाव. नाथाजीने कान लावला.

"फिरतीय की. आवाज येतोय. आतनं वाचल्यागत करतीय."

मी कान लावला. हलकी घरघर, मध्येच कर्र, मग थांबून पुन्हा कर्र. कुणीतरी आत काम करत होतं आणि मशीन म्हणत होतं, इथे कुणी नाही.

"फिरतीय, पण वळख देत न्हाई," नाथाजी म्हणाला. "मिरजंत चांगली पट्टी मिळाली की येतो. तवर ऱ्हाऊ द्या हाय तशी."

३

दोन-तीन दिवसांनी साताऱ्याच्या एका स्टुडिओचं पाकीट आलं. मोठा फोटो, त्याला टाचलेला एका मुलीचा लहान फोटो, आणि पाठीमागे पेनने सूचना: नवरीचे तोंड खराब झाले आहे, सोबतचे बसवावे.

खराब झालेलं नव्हतं, कापलेलं होतं. कात्रीने, नीट गोल. शेजारी सुटाबुटातला कुणाल कॅमेऱ्याकडे रोखून बघत होता. नवरीचा हात हाराला लागलेला होता आणि त्या हाताची करंगळी वाकडी होती. ती लहानपणी झोपाळ्यावरून पडून मोडली होती. आईने हळद-चुन्याचा लेप लावला होता, मी पंखा हलवत बसले होते.

मला सगळा हिशेब एका क्षणात कळला. दुसरं लग्न घाईत, चार माणसांत उरकलं असणार. भिंतीवर लावायला थाटाचा फोटो नाही. मग आहे तोच वापरायचा. मायाची साडी, मायाचा हार, मायाचे हात, आणि वर नवीन सुनेचं तोंड. फोटो जळाले म्हणणाऱ्या बाईने तो जपून ठेवला होता, फक्त त्यातली माझी बहीण कापून काढली होती. हे काम कॉम्प्युटरवर कोण करतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी ते सातारच्या दुकानात दिलं आणि दुकानाने माझ्यापुढे आणून टाकलं.

"काय गं, तोंड का पांढरं पडलंय?" आप्पासोंनी विचारलं.

"काही नाही. सातारचं काम आहे. मीच करते."

दुसऱ्या कुणाच्या हातात ते जाऊ द्यायचं नव्हतं. मी फोटो स्कॅन केला, सीवर ठेवला आणि कुणालचा चेहरा पडदाभर मोठा केला. उजव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात, कोपऱ्याशी, त्याला एक तपकिरी तीळ होता. लग्नात माझ्या लक्षात आला नव्हता. या डोळ्यांनी पोलिसांना सांगितलं होतं, मी काही बघितलं नाही. मी खुर्चीत बसून पुष्कळ वेळ त्यांच्याकडे बघत राहिले आणि मशीनच्या पोटात ती दुसरी डिस्क कर्र कर्र करत राहिली.

नवीन मुलीचं तोंड मी त्या दिवशी बसवलं नाही. हातच होईना.

४

दुसऱ्या सकाळी आप्पासोंची उदबत्ती झाली, मी फाइल उघडली आणि कुणालचे डोळे अर्धवट मिटलेले दिसले.

अगदी थोडे. झोप आलेल्या माणसाच्या पापण्या उतरतात तेवढेच. मी टेबलावरचा फोटो उचलून बघितला. त्यात डोळे टक्क उघडे. म्हणजे माझ्याच हातून काहीतरी खेचलं गेलं असणार, व्हायरसचा काही अंश राहिला असणार, नाहीतर रात्री नीट झोप न झाल्यामुळे मला तसं दिसत असणार. ही तिन्ही कारणं मला पटत होती. मी फोटो पुन्हा स्कॅन केला, डोळे उचलून बसवले. रोजचंच काम.

त्यानंतरच्या सकाळी पापण्या निम्म्यावर आल्या होत्या. आणि डीवर टिचकी मारली तेव्हा सीडीचा खण हलला नाही. फोल्डर उघडले. माझे फोल्डर, माझ्या हाताने दिलेली नावं. मी मायाच्या फाइलवर गेले. मशीन थोडा वेळ विचार करत बसलं आणि पाटी आली, डिस्क तयार नाही. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

तेवढ्यात आप्पासो मागे येऊन उभे राहिले. "सातारचा फोन आला होता. ते काम झालं का? आणि हे काय, जिवंत माणसाचे डोळे मिटवलेस व्हय? उघड आधी."

मी उघडले. शेवटची रेघ नीट केली, फाइल ठेवली, वर बघितलं तर दुसरी डिस्क गेली होती.

मी देवाधर्माची बाई नाही. आमच्या घरात भुताखेतांना थारा नव्हता. अंगात येणाऱ्या बायकांना आबा पाणी देऊन घरी पाठवायचे. म्हणून मी कशावर विश्वास ठेवला नाही, मी करून बघितलं. एक दिवस पापण्या आपोआप उतरू दिल्या: डिस्क आली. उघडल्या: गेली. पुन्हा उतरू दिल्या: आली. जितक्या उतरत तितकी जास्त यायची. आधी नावं, मग लहान चौकोनी चित्रं. मायाचा चौकोन मात्र करडाच. पट्टी सैल असेल तर ती माझ्या कामाप्रमाणे सैल-घट्ट का होईल, याचं उत्तर मला सापडलं नाही. मग मी टेबलावरचा कागदाचा फोटो पुन्हा हातात घेतला.

कागदावरही त्याचे डोळे निम्मे मिटले होते.

५

त्याच आठवड्यात, भर दुपारी, एक मुलगी दुकानात आली. छत्री मिटवून दाराशीच उभी राहिली. लहान फोटोतला चेहरा मी लगेच ओळखला.

"आवं ताई, सातारच्या स्टुडिओवाल्यानं हितला पत्ता दिला. विशाखा माझं नाव. आमचा फोटू झाला का बघून ये म्हणाल्या सासूबाई. आमी मिरजंला दवाखान्यात आलोय."

"कुणाला काय झालं?"

"ह्यांच्या पापण्या पडत्यात. उघडाया जावं तर उघडत न्हाईत. मधीच एखादा दिस टक्क उघडत्यात, वाटतंय बरं झालं, की परत खाली. डॉक्टर म्हणतोय डोळ्याला काय झालेलं न्हाई." ती खुर्चीच्या कडेला टेकली. "मिटलं की हे लय घाबरत्यात. मिटल्यावर दिसतंय म्हणत्यात."

"काय दिसतं?"

"त्ये न्हाई सांगत. मला बाहीर जायला लावत्यात आन् आईला हाक मारत्यात."

पाणी घेताना तिचा पदर सरकला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गुलाबी, आक्रसलेली. मी विचारायच्या आधीच तिने झाकून घेतलं.

"स्टोव्ह पेटवताना," ती म्हणाली. "गॅस हाय घरात. पर सासूबाई म्हणत्यात भाकरी स्टोव्हवरच करायची. त्यो मेला सारखा भडकतोय."

या मुलीचा मी मनातल्या मनात दुस्वास केला होता. तिचं तोंड घेऊन ते मायाच्या गळ्यावर बसवायचं म्हणून मी तिला शिव्या घातल्या होत्या. आणि ते लोक खरोखरच तिला मायाच्या जागी बसवत होते.

मी तिला आत नेलं, टेबलावरचा मोठा फोटो दाखवला. सासूने तिला सांगितलं होतं, पाणी सांडून खराब झालाय. तिने कापलेल्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. मग बोट खाली आलं, हारावरच्या हातावर, वाकड्या करंगळीवर थांबलं.

"ही कोण हाय?"

"माझी बहीण. तुझ्या आधी त्या घरात होती. त्याच स्टोव्हवर भाकरी करायची."

विशाखा रडली नाही. टाचणी काढली, आपला लहान फोटो मोकळा केला, पर्समध्ये ठेवला.

"माझं माह्यार वाईला हाय," ती म्हणाली.

"मिरजेला परत जाऊ नकोस. इथूनच गाडी पकड."

ती दाराबाहेर पडली आणि स्टँडच्या दिशेने वळली. तेवढं मी डोळ्यांनी बघितलं.

६

त्यानंतर मी कुणालचे डोळे उघडले नाहीत.

आप्पासोंना सांगितलं, गिऱ्हाइकाने काम रद्द केलं. खोटं नव्हतं ते; ज्या गिऱ्हाइकाचं तोंड होतं तिने ते परत नेलं होतं. फाइल तशीच ठेवली. रोज सकाळी उघडायची, बघायची, बंद करायची. पापण्या रोज खाली येत होत्या. एकदा नुसती पांढरी चीर राहिली होती आणि त्या चिरेत तो तीळ दिसत होता, कोपऱ्यातून बाहेर बघणारा. मनात आलं, अजून वेळ आहे. हात माउसवर होता. हे माझं रोजचं काम, डोळे बंद करूनही जमलं असतं. कुणालचा जीव, कुणालची नजर, जे काही होतं ते माझ्या बोटाशी होतं.

मग मला तो पोलीस ठाण्यातला कोरडा आवाज आठवला आणि मी माउस सोडून हात मांडीवर ठेवले.

दुपारी आप्पासो जेवायला घरी गेले होते. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पंखा फिरत होता. मशीनच्या पोटातली घरघर वाढत वाढत गेली आणि एकाएकी थांबली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच थांबली. पडद्यावर कुणालच्या पापण्या पूर्ण मिटलेल्या होत्या. मधली चीरही नव्हती. जिवंत माणूस डोळे मिटतो तेव्हा पापण्यांखाली बुब्बुळाचा उंचवटा दिसतो. इथे पापण्या आत बसल्या होत्या.

डी उघडला. मायाचा चौकोन करडा नव्हता.

त्या काळी मोठा फोटो एकदम दिसायचा नाही. वरून खाली, पट्टी पट्टीने उतरायचा. आधी मंडपाचा पांढरा पडदा आला. मग केस, मधला भांग, त्यातून सुटलेली बट. वर्ष झालं होतं तिला बघून. कपाळ आलं. त्यावरचा लहानपणी देवी टोचल्यागत दिसणारा खड्डा आला. भुवया आल्या.

त्या खाली झुकलेल्या नव्हत्या. मी स्कॅन केला त्यात माया खाली बघत होती, हे मी शपथेवर सांगते. आता चेहरा तोच, हार तोच, आणि मान वर. पुढची पट्टी उतरायला नको तेवढा वेळ लागला. मग डोळे आले.

ते उघडे होते. थेट माझ्याकडे लागलेले. नजरेत जी भीती होती ती मायाची नव्हती. माया कधी अशी भ्यालेली मी बघितली नव्हती, आणि शेवटी ज्यांनी बघितलं त्यांनी ते आम्हाला सांगितलं नाही. उजव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात, कोपऱ्याशी, तपकिरी तीळ होता.

खाली नाक उतरलं, ओठ उतरले. ओठ मायाचेच होते आणि ते हसत होते.

मी प्रिंट काढली. काढायची नाही असं एकदाही मनात आलं नाही.

नाथाजी नंतर नवी पट्टी घेऊन आला. डिस्क चालू बघून त्याने मशीन पुन्हा बंद केलं, हलवलं, शेंगदाणे तोंडात टाकले. "आपूआप आली? मंग लूज कनेक्शनच व्हतं बघा."

"तसंच असेल," मी म्हटलं.

७

पुण्यानुमोदनाला घर भरलं होतं. भंतेजींनी वंदना घेतली, बायकांनी फुलं वाहिली. बाबासाहेबांच्या फोटोशेजारी मायाची फ्रेम लावली. लोक म्हणाले, काय जिवंत फोटो केलाय दीपानं. एक लहान पोर फ्रेमपुढे जाऊन रडायला लागलं, त्याला कुणीतरी बाहेर नेलं.

सगळे गेल्यावर आईने पाट ओढला आणि फोटोतल्या डोळ्यांकडे बघत बसली. मला राहवेना.

"आई, आवडला नाही का? मी डोळे बदलून देते. माझे बसवते, ठरलं होतं तसे."

"नगं."

"पण हे…"

"म्या वळखल्यात," आई म्हणाली. "लग्नात फुलं टाकायला म्होरं गेल्ते तवाच बघितला व्हता त्यो तीळ. ऱ्हाऊ दे."

त्या दिवसापासून आई रोज त्या पाटावर बसते. डोळ्यांत डोळे घालून हळू आवाजात सांगत राहते: माया कधी रांगली, करंगळी कशी मोडली, पुरणपोळीतलं पुरण कसं आधी चाटून खायची, पहिल्या सणाला आली तेव्हा पाठ का दाखवेना. एक गोष्ट संपली की दुसरी. मायाला सांगावं तसं नाही. जो कधी काही बघितलंच नाही म्हणाला, त्याला बसवून दाखवावं तसं. कधी कधी मी स्वयंपाकघरातून बघते, तर फोटोतल्या डोळ्यांच्या कडा ओल्या वाटतात. काचेवर वाफ धरत असेल. आई पदराने पुसते आणि पुढे सुरू करते.

८

पावसाळा लागला तेव्हा बायडाबाई दुकानात आली. एकटीच, हातात कापडाचं गाठोडं. वर्षापूर्वी ताठ चालायची, आता पाय ओढत होती. मला बघून उंबऱ्यातच थबकली.

"दीपमाला. तू करतीस व्हय हे काम."

"मीच करते, मावशी. बसा."

ती बसली नाही. काउंटरवर गाठोडं सोडलं. कुणाल गेला होता. झोपेत, दुपारी, मिरजेहून परतल्यावर थोड्याच दिवसांत. डॉक्टरांना काही सांगता आलं नाही. कोणत्या दिवशी, हे मी विचारलं नाही. विशाखा माहेरून परत आली नव्हती, मातीलासुद्धा. पुण्यानुमोदनाला लावायला म्हणून बायडाबाई फोटो बाहेर काढायला गेली तर घरातल्या एकूण एक फोटोत त्याचे डोळे मिटलेले. तिने ते माझ्यापुढे एकेक करून मांडले. कॉलेजचा. शाळेचा. शेवटी एक पिवळा पडलेला, पाळण्यातला. तान्हं बाळ, झबलं, आणि मिटून आत गेलेल्या पापण्या.

"ह्या फोटूत त्यो माझ्याकडं बघत व्हता," ती म्हणाली. "म्याच खुळखुळा धरला व्हता म्होरं. माझ्याकडं बघून हसत व्हता. मला तेवढं एक डोळं उघडून दे, बाई. भिताडावर लावाया माझ्याकडं कायबी ऱ्हायलं न्हाई."

मला वाटलं होतं, या दिवशी मला आनंद होईल. झाला. लपवण्यात अर्थ नाही, पोटातून झाला. तिने मांडलेले फोटो मी डोळे भरून बघितले.

"रक्ताच्या नात्यातले डोळे लागतात," मी म्हटलं.

"माझं घे. काढ माझा फोटू. दोन्ही घे."

"तुमचे नकोत, मावशी. त्याचेच आहेत. आमच्या घरी."

तिला कळलं नाही, तरी ती माझ्यामागून चालत आली. पाऊस भुरभुरत होता. घरात आई पाटावर बसली होती. बायडाबाईला बघून ती दचकली नाही की उठली नाही. नुसती थोडी सरकली आणि शेजारी जागा केली.

बायडाबाईने वर बघितलं. आधी तिला मायाच दिसली असणार, कारण ती मागे सरली. मग तिची नजर डोळ्यांवर गेली आणि तिथेच अडकली. तिच्या घशातून एक आवाज निघाला, लहान मुलाला हाक मारतात तसा. फोटोतली बुब्बुळं हलली असं मी म्हणणार नाही. मी दाराशी उभी होते, उजेड वाईट होता. पण बायडाबाईने डावीकडे पाऊल टाकलं, मग उजवीकडे, आणि दोन्ही वेळा तिची मान फ्रेमकडेच राहिली, कुणीतरी तिला नजरेने धरून ठेवल्यासारखी.

ती खाली बसली आणि तिने पदर तोंडावर ओढून घेतला.

आईने हात लांब करून तिचा पदर हळूच बाजूला केला.

"झाकू नगंस, बाई," आई म्हणाली. "त्येला दिसू दे."

मग आईने मला दार लावून घ्यायला सांगितलं आणि मायाची गोष्ट पहिल्यापासून सुरू केली.